पेट्रोल पंप आणि डिझेल साठ्याच्या जागेवरील भूजल निरीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंपचालक, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, आसपासचे विहीरमालक आणि जुन्या पंपाची जागा विकत घेऊ पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या खडकाचा आहे. उत्तरे मुख्यतः त्याच भूभागाला धरून दिली आहेत. किनारपट्टीसाठी प्रश्न १८ पहा.

१. भूजल निरीक्षण म्हणजे नेमके काय? वर्षातून एकदा विहिरीचे पाणी तपासून घेतले तर पुरत नाही का?

पुरत नाही. एका दिवशी एका विहिरीतून घेतलेला नमुना त्या दिवसाचे आणि त्या विहिरीचे पाणी कसे होते एवढेच सांगतो. निरीक्षणात तीन गोष्टी एकत्र येतात: ठरलेल्या जागी मुद्दाम खोदलेल्या विहिरी, त्यांतील पाण्याच्या पातळीची मोजमापे आणि ठरावीक काळाने एकाच पद्धतीने घेतलेले नमुने. पाणी कोणत्या दिशेने वाहते हे माहीत नसेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही चांगला असला तरी त्यावरून दूषित पाणी कुठून आले आणि कुठे चालले आहे हे ठरवता येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या कागदपत्रांमध्ये बहुतेक वेळा रासायनिक आकडे असतात, पातळीची नोंद मात्र नसते.

२. आमच्या टाक्यांचा डिप (मोजपट्टी बुडवून घेतलेले साठ्याचे माप) आणि विक्रीचा हिशेब रोज जुळतो. गळती असती तर तिथेच दिसली नसती का?

मोठी गळती दिसते, लहान गळती हिशेबातच लपते. वीस हजार लिटर पेट्रोलचे तापमान एका अंशाने बदलले, तरी त्याचे आकारमान साधारण २० ते २५ लिटरने बदलते. त्यात बाष्पीभवन, डिप वाचण्यातील फरक आणि टँकर उतरवतानाची तूट मिळवली, तर दिवसाला पाच लिटरची गळती कोणाच्याही नजरेत येणार नाही. वर्षभरात मात्र तिचे अठराशे लिटर होतात. म्हणून रोजच्या फरकाकडे पाहण्याऐवजी महिनाभराच्या फरकांची बेरीज पाहावी, कारण नैसर्गिक चढउतार एकमेकांना काटतात आणि गळती नेहमी एकाच बाजूला साचत जाते.

टाकीपेक्षा पाइपलाइनकडे अधिक लक्ष द्यावे, असा आमचा आग्रह असतो. टाकीत बुडवलेल्या पंपाने दाबाखाली चालणाऱ्या लाइनला छिद्र पडले, तर पंप चालू असेपर्यंत इंधन बाहेर फेकले जाते. ओढून घेणाऱ्या जुन्या लाइनला छिद्र पडले, तर बहुतेक वेळा हवा आत शिरते आणि डिस्पेन्सर अडखळू लागतो. दुसऱ्या प्रकारात बिघाड लवकर कळतो, पहिल्या प्रकारात तो जमीन पचवत राहते.

३. चार-दोन लिटर पेट्रोल जमिनीत गेले तर एवढे काय बिघडते?

हिशेब करून पाहू. भारत स्टेज ६ च्या पेट्रोलमध्ये बेंझिन आकारमानाने एक टक्क्यापर्यंत असू शकते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये दहा मिलिलिटर, वजनाने सुमारे पावणेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे बेंझिनचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. हे सगळे बेंझिन पाण्यात विरघळले असे धरले, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या पातळीपर्यंत दूषित होऊ शकते. प्रत्यक्षात काही भाग उडून जातो, काही मातीला चिकटतो, काही जिवाणू खातात, त्यामुळे एवढे पाणी खराब होत नाही. तरीही बेंझिन हे माणसात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य म्हणून निश्चित झालेले असल्यामुळे 'चार-दोन लिटर' हा शब्दप्रयोग आम्ही सोडून दिला आहे.

४. जमिनीखाली गेलेले इंधन नेमके कुठे जाते?

आधी ते टाकीच्या खड्ड्यातील भरावात उतरते, मग मुरमातून झिरपत भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचते. पेट्रोल आणि डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने तेथे थांबून तवंगासारखे पसरतात. त्या तवंगातून बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलीन हे चार घटक हळूहळू पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर उताराच्या दिशेने निघतात.

बेसॉल्टमध्ये गुंतागुंत वाढते. मुरमाच्या थरात पाणी बऱ्यापैकी सगळीकडे असते, पण त्याखालच्या घट्ट खडकात ते केवळ भेगांतून आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यांतून वाहते. भेग सापडली तर दूषित पाणी कमी काळात लांब जाते, आणि भेगेपासून चार पावलांवर असलेली विहीर स्वच्छ राहू शकते. दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा चिकण असेल तर पाणी त्यावर अडते आणि आडवे सरकते. म्हणूनच 'शेजारची विहीर चांगली आहे' हा पुरावा या भूभागात फारसा उपयोगी नाही.

५. निरीक्षण विहिरी किती, कुठे आणि किती खोल घ्याव्यात?

पाण्याची दिशा काढण्यासाठी किमान तीन विहिरी लागतात आणि त्या एका रेषेत नसाव्यात, त्रिकोणात असाव्यात. एक टाक्यांच्या चढाच्या बाजूला, दोन उताराच्या बाजूला, ही सुरुवातीची मांडणी. पण उतार म्हणजे रस्त्याचा किंवा आवाराचा उतार नव्हे. जमिनीखालचा उतार वेगळा असू शकतो आणि शेजारची उपसा चालू असलेली विहीर त्याला आपल्याकडे वळवते. त्यामुळे पहिल्या तीन विहिरींच्या पातळ्या घेतल्यावर चौथीची जागा ठरवावी. प्रत्येक विहिरीच्या पाइपच्या वरच्या कडेची उंची सर्वेक्षकाकडून एकाच संदर्भबिंदूवरून मोजून घ्यावी, नाहीतर पातळ्यांची तुलना निरर्थक ठरते.

खोलीबाबत एक नियम पाळावा: जाळीचा पाइप उन्हाळ्यातील सर्वांत खालच्या पातळीच्या खालपासून पावसाळ्यातील सर्वांत वरच्या पातळीच्या वरपर्यंत असावा. जाळी पूर्णपणे पाण्याखाली राहिली तर तवंग आत येणारच नाही आणि विहीर खोटे समाधान देईल. पाइपभोवती धुतलेली वाळू, तिच्यावर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगून फट बंद करणाऱ्या मातीचा) थर आणि वर सिमेंट असावे. तोंड जमिनीच्या पातळीला, पाणी आत न शिरणाऱ्या झाकणाने बंद करावे. टँकर जिथे उभा राहतो तिथे विहीर घेऊ नये, आणि घ्यावीच लागली तर झाकण इंधन भरण्याच्या झाकणांपेक्षा वेगळ्या रंगाचे व कुलूपबंद ठेवावे.

६. आवारात आधीच बोअरवेल आहे. तीच वापरली तर खर्च वाचेल ना?

तुलनेसाठी तिचा नमुना जरूर घ्यावा, पण निरीक्षण विहिरीची जागा ती घेऊ शकत नाही. आपल्याकडच्या बोअरला केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप, मुरूम संपेपर्यंतच असते. पुढे खडकात उघडे छिद्र असते आणि निरनिराळ्या खोलीवरच्या भेगांतले पाणी त्यात एकत्र होते. वरच्या थरातले थोडे दूषित पाणी खालच्या भरपूर पाण्यात मिसळून पातळ दिसते. शिवाय केसिंगच्या बाहेरची फट नीट बुजवलेली नसेल, तर तीच बोअर वरचे इंधन खालच्या थरात नेणारी वाट बनते.

७. प्रयोगशाळेला कोणत्या तपासण्या सांगाव्यात?

नुसती 'पाणी तपासणी' मागितली तर पीएच, जडपणा आणि क्षारांचा अहवाल हाती येईल. पेट्रोलसाठी वर सांगितलेले चार घटक आणि पेट्रोलच्या पल्ल्यातील एकूण हायड्रोकार्बन सांगावेत. डिझेलसाठी डिझेलच्या पल्ल्यातील एकूण हायड्रोकार्बन, नॅप्थलीन आणि इतर बहुवलयी घटक सांगावेत. सन २००० च्या आधीपासून चालू असलेल्या पंपावर शिसेही तपासावे, कारण त्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत देशात शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते. तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने, व्हावी. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढे विचारून थांबू नये. मान्यता घटकागणिक असते, तेव्हा पाण्यातील बेंझिनसाठी ती आहे का हे मान्यतेच्या यादीत पाहावे.

८. नमुना घेताना कोणत्या चुका होतात?

अहवाल बिघडतो तो बहुतेकदा विहिरीपाशी, प्रयोगशाळेत क्वचित. साचलेले पाणी काढून टाकल्याशिवाय नमुना घेऊ नये. रूढ पद्धतीत विहिरीतील पाण्याच्या तिप्पट पाणी काढतात. दहा सेंटिमीटर व्यासाच्या विहिरीत मीटरमागे जवळजवळ आठ लिटर पाणी असते, म्हणजे चार मीटरच्या स्तंभासाठी पंचाण्णव लिटरच्या आसपास उपसा होतो. हे पाणी गटारात सोडू नये, पिंपात साठवून अहवाल आल्यावर त्याची विल्हेवाट ठरवावी. मंद गतीच्या पंपाने घेतलेला नमुना अधिक चांगला. पाणी कमी निघते आणि गढूळपणाही येत नाही.

बाटली चाळीस मिलिलिटरची, काचेची, टेफ्लॉनचा पडदा असलेल्या झाकणाची असते. तिच्यात आधीच आम्लाचे थेंब घातलेले असतात, त्यामुळे ती विसळायची नाही. पाणी कडेने अलगद सोडून काठावर फुगवटा येईपर्यंत भरायचे, झाकण लावायचे, बाटली उलटी करून बोटाने टिचकी मारायची. एकही बुडबुडा वर सरकला तर ती बाटली बाद. वरून थोडे पाणी घालून भागत नाही, नवी बाटली घ्यावी लागते, कारण बेंझिन त्या बुडबुड्यात निघून जाते. पाणी फार जड असेल तर आम्लामुळेच बुडबुडे उठतात. अशा वेळी आम्ल नसलेली बाटली वापरून तपासणी सात दिवसांत उरकावी. एरवी बर्फात चार अंशांवर ठेवलेल्या नमुन्याला चौदा दिवस मिळतात.

नमुना घेणाऱ्याने वाटेत स्वतःच्या दुचाकीत पेट्रोल भरू नये. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या दिशेला ठेवावा, मार्कर पेन बाटल्यांपासून दूर ठेवावे आणि सर्वांत स्वच्छ विहिरीपासून सुरुवात करून सर्वांत दूषित विहिरीकडे जावे. प्रयोगशाळेतून भरून आलेली शुद्ध पाण्याची एक बाटली पेटीतून फिरवून परत पाठवावी. तिच्यात बेंझिन सापडले तर दोष प्रवासाचा आहे हे कळते.

९. अहवालात सगळीकडे 'बीडीएल' लिहिले आहे. म्हणजे पाणी स्वच्छ आहे ना?

'बीडीएल' म्हणजे शोधमर्यादेच्या खाली. ती मर्यादा किती होती हे आधी पाहावे. समजा, प्रयोगशाळेची बेंझिनसाठीची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. मार्गदर्शक मूल्य ०.०१ मिलिग्रॅम आहे. मग पाण्यात मूल्याच्या चौपट बेंझिन असले तरी अहवाल 'बीडीएल'च म्हणेल. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लतही नेहमीची आहे. शोधमर्यादा न छापलेला अहवाल आम्ही स्वीकारत नाही आणि आपणही स्वीकारू नये.

१०. आकडे कोणत्या मर्यादेशी ताडून पाहायचे?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, खनिज तेलासाठी लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आणि बहुवलयी हायड्रोकार्बनसाठी ०.०००१ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. बेंझिन त्या यादीत नाही. खनिज तेलाच्या चाचणीत उडून जाणारे हलके घटक निसटतात, त्यामुळे त्या चाचणीत उत्तीर्ण झालेल्या पाण्यात बेंझिन असू शकते. 'मानकाप्रमाणे पाणी योग्य' हा शेरा इंधनाच्या बाबतीत म्हणूनच अपुरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मूल्ये लिटरमागे बेंझिन १०, टोल्युइन ७००, इथाइलबेंझिन ३०० आणि झायलीन ५०० मायक्रोग्रॅम अशी आहेत. अमेरिकेत बेंझिनची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. अहवालात तुलना कशाशी केली हे स्पष्ट लिहून घ्यावे.

११. वर्षातून किती वेळा नमुने घ्यावेत?

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी घ्यावेत, म्हणजे पातळीचे पूर्ण चक्र दिसते. चित्र स्थिर असेल तर त्यानंतर वर्षातून दोनदा, मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये. पातळीचे मोजमाप मात्र दर महिन्याला करावे. त्याला दहा मिनिटे लागतात आणि खर्च जवळपास शून्य असतो. टाकी किंवा लाइन बदलल्यावर, हिशेबात एकतर्फी तूट दिसल्यावर (प्रश्न २) किंवा शेजारी नवी बोअर सुरू झाल्यावर वेळापत्रकाची वाट पाहू नये.

१२. मे महिन्यात विहिरीत तवंग होता, ऑक्टोबरमध्ये नाहीसा झाला. जागा आपोआप साफ झाली का?

नाही, बहुधा तो पाण्याखाली गेला. उन्हाळ्यात पातळी खाली जाताना इंधनही खाली उतरते आणि मुरमाच्या कणांना चिकटत जाते. पावसाळ्यात पाणी काही मीटर वर चढले की ते चिकटलेले इंधन पाण्याखाली अडकते. विहिरीत तवंग दिसत नाही, पण विरघळलेले बेंझिन याच काळात वाढू शकते. याउलट, काही ठिकाणी भरपूर पावसाने ते पातळ होऊन आकडा उतरतो. म्हणून मेची तुलना मेशी आणि ऑक्टोबरची ऑक्टोबरशी करावी. मे आणि ऑक्टोबर शेजारी ठेवून 'सुधारणा' दाखवणारे आलेख आम्ही पाहिले आहेत. ते आलेख प्रत्यक्षात फक्त पाऊस दाखवत होते.

१३. विहिरीत तवंगाची जाडी दहा सेंटिमीटर भरली. जमिनीखाली सगळीकडे तेवढाच थर आहे का?

नाही. मातीत इंधन सूक्ष्म छिद्रांत पाण्याबरोबर वाटून राहते, विहिरीच्या मोकळ्या जागेत मात्र ते गोळा होते, त्यामुळे विहिरीतील जाडी सहसा फुगलेली असते. त्यावरून एकूण किती लिटर इंधन आहे हे काढू नये. जाडी इंटरफेस प्रोबने, म्हणजे तेल आणि पाणी यांच्या पातळ्या वेगळ्या ओळखणाऱ्या उपकरणाने, मोजावी. तवंग असलेल्या विहिरीतून विरघळलेल्या घटकांचा नमुना घेऊ नये, कारण इंधनाचा एक थेंब बाटलीत आला तरी आकड्याला अर्थ उरत नाही.

१४. बेंझिन आमच्या चढाच्या बाजूच्या विहिरीत सापडले. मग दोष शेजाऱ्याचा ना?

शक्य आहे, पण घाई करू नये. त्या विहिरीच्या आसपास जुनी, विस्मरणात गेलेली टाकी नव्हती ना, हे आधी पाहावे. शेजारच्या उपशामुळे काही महिने पाण्याची दिशा उलटी होत नाही ना, तेही मासिक पातळ्यांवरून तपासावे. त्यानंतर गॅरेज, हॉटेलचा जनरेटर, ट्रान्सपोर्टचे डिझेल, जुना रॉकेलचा डेपो अशा शक्यता घ्याव्यात. क्रोमॅटोग्राफचा आलेख मागवला तर पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल यांतला फरक जाणकाराला सहसा ओळखता येतो.

१५. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे निरीक्षणात काही बदल करावा लागतो का?

हो. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळते आणि जिवाणूंना ते बेंझिनपेक्षा आवडते. ते खाताना भूजलातील प्राणवायू संपतो, परिणामी बेंझिनचे विघटन लांबते आणि ते अधिक दूर जाते. वीस टक्के मिश्रणाच्या काळात उताराच्या दिशेला आणखी दूरची एक विहीर ठेवावी. विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, सल्फेट आणि विरघळलेले लोह यांची मोजमापेही फेरीत घ्यावीत. काही जागी मिथेन तयार होतो, म्हणून विहिरीचे झाकण उघडताना ज्योत किंवा ठिणगी जवळ नसावी. टाकीतही फरक पडतो: शिरलेले थोडे पाणी इथेनॉल शोषून घेते आणि पाणी शोधण्याची जुनी पेस्ट ते दाखवेलच असे नाही.

१६. आमच्या सोसायटीच्या बोअरला पेट्रोलचा वास येतो. आज काय करावे? पाणी उकळून किंवा आरओ लावून चालेल का?

पिणे, स्वयंपाक आणि आंघोळ यांसाठी ते पाणी लगेच बंद करावे. गरम पाण्याच्या वाफेतून हे घटक श्वासात जातात, म्हणून उकळणे हा उपाय नाही. त्याने बेंझिन स्वयंपाकघरात पसरते. घरगुती आरओवर विसंबू नये. सक्रिय कोळसा काही काळ काम करतो, पण तो भरला हे घरी कळत नाही. तुरटी आणि क्लोरीन यांचा येथे काहीच उपयोग नाही. बोअरचा पंप 'पाणी काढून साफ करू' म्हणून चालवत ठेवू नये. त्याने दूषित पाणी आपल्याकडे ओढले जाते. उघड्या विहिरीत वास येत असेल तर गाळ काढायला कोणालाही उतरवू नये, तेथे गुदमरण्याचा आणि स्फोटाचा धोका असतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असेही मानू नये, कारण मार्गदर्शक मूल्याच्या कितीतरी पट बेंझिन असले तरी नाकाला ते कळत नाही.

१७. कोणाला कळवायचे आणि खर्च कोणी सोसायचा?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला लेखी कळवावे. प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेला आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला द्यावी. पंपाचा परवाना आणि टाक्यांची सुरक्षितता हा नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा) विषय आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात 'प्रवाह' या संज्ञेत भूमिगत पाणीही येते, त्यामुळे विहीर किंवा भूजल दूषित करणे हा त्याच कायद्याचा भंग ठरतो. राष्ट्रीय हरित लवाद 'प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा' हे तत्त्व लावतो. प्रदूषित स्थळांबाबत केंद्राने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियमही अधिसूचित केले आहेत. व्यवहारात निर्णय पुराव्यावर होतो. तारखेसह वासाच्या नोंदी, नमुन्यांच्या हस्तांतराचे कागद आणि पातळ्यांचा तक्ता ज्याच्याकडे आहे, त्याचे म्हणणे टिकते.

१८. आमची जागा कोकणात खाडीजवळ आहे. वरचे सगळे लागू होते का?

बरेचसे होते. फरक दोन. जांभ्यात पोकळ्या आणि नळीसारख्या वाटा असतात, त्यामुळे पावसाळ्यात प्रवाह फार वेगाने जाऊ शकतो. आणि भरती-ओहोटीने विहिरींची पातळी दिवसातून चढते-उतरते. सर्व विहिरींच्या पातळ्या भरतीच्या एकाच टप्प्यावर घ्याव्यात, नाहीतर दिशेचा नकाशा चुकतो. गोव्यातील जांभ्याच्या पठारांलाही हे लागू आहे.

१९. बंद पडलेल्या पंपाची जागा विकत घ्यायची आहे. काय तपासावे?

टाक्या काढल्या, की जागेवरच भरून टाकल्या, याचे कागद मागावेत. टाकी काढली असेल तर ती वायुमुक्त केल्याचा दाखला असतो. टाक्यांचा खड्डा, लाइनचा मार्ग, जुन्या डिस्पेन्सरची जागा आणि टँकर उतरवण्याचे ठिकाण येथील मातीचे व भूजलाचे नमुने व्यवहारापूर्वी घ्यावेत. शेवटचे ठिकाण हमखास विसरले जाते, आणि सर्वांत अधिक सांडलवंड तिथेच होते. पुनर्विकासात तळघर खणणार असाल तर खोदाईत निघणारे पाणी कुठे सोडणार हे आधी ठरवावे.

२०. निरीक्षण कधी थांबवता येते?

गळतीचा स्रोत काढला आहे, तवंग नाही, आणि सलग किमान दोन वर्षे मे व ऑक्टोबरच्या फेऱ्यांत सर्व विहिरींचे आकडे मूल्याखाली आहेत, असे झाल्यावर मंडळाशी लेखी विचारविनिमय करून थांबवावे. त्यातले एखादे वर्ष दुष्काळी असेल आणि विहिरी कोरड्या राहिल्या असतील, तर ते वर्ष मोजू नये. कोरडी विहीर म्हणजे स्वच्छ विहीर नव्हे. वापरात नसलेली निरीक्षण विहीर उघडी सोडू नये. सिमेंट आणि बेंटोनाइटचे मिश्रण तळापासून वरपर्यंत भरून ती बुजवावी आणि तिची जागा नकाशावर खूण करून जागेच्या कागदपत्रांना जोडावी.